शेजारच्या साइटचा सहामाही पर्यावरण रिपोर्ट हाती लागलाय, सगळीकडे 'कम्प्लाइड' लिहिलंय. यात नक्की बघायचं काय?

बाल्कनी_बंद
नमस्कार मंडळी. पुण्याच्या पश्चिमेकडच्या भागात राहतो, सोसायटीचं आणि बिल्डरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांची माणसं पण इथे वाचत असणार. आमच्या कंपाउंडला लागून पश्चिमेला मोठा प्रोजेक्ट चालू आहे, पाच टॉवर आणि खाली दोन लेव्हलचं बेसमेंट. पावसाळ्याच्या आधीपासून खोदाई चाललीय ती अजून संपत नाही, कारण खाली सगळा काळा पाषाण. सकाळी सातला खडक फोडायचा ब्रेकर सुरू होतो तो दिवेलागणीपर्यंत, वर डंपरची ये-जा. ग्रिलवर राखाडी थर, आईला दमा आहे म्हणून त्या बाजूच्या खिडक्या उघडतच नाही, कपडे आतल्या खोलीत दोरी बांधून वाळवतो.

आता मुद्दा. कमिटीतल्या एकाने या प्रोजेक्टचा एप्रिल ते सप्टेंबरचा सहामाही रिपोर्ट मिळवला. जाड पीडीएफ आहे. पर्यावरण मंजुरीतल्या प्रत्येक अटीपुढे 'कम्प्लाइड' (म्हणजे अट पाळली) नाहीतर 'नोटेड'. मागे लॅबचे तक्ते जोडलेत, पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) आलंय ६८, मर्यादा १००. दिवसाचा आवाज ५३ डेसिबल, मर्यादा ५५. अहो ५३ डेसिबल? ब्रेकर चालू असताना आमच्या हॉलमध्ये फोनवर बोलता येत नाही! एक फोटो पण आहे, सिक्युरिटी केबिनच्या बाजूला मशीन ठेवलंय आणि शेजारी एक माणूस हेल्मेट घालून उभा.

माझे प्रश्न असे की हे आकडे खोटे आहेत असं म्हणायचं तर ते दाखवायचं कसं, तक्रार कुठे करायची की जिथे कोणी बघेल तरी, आणि सोसायटीने स्वतःचं हवेचं मशीन घ्यावं का. तात्त्विक चर्चा नको प्लीज, ती व्हॉट्सॲपवर भरपूर झाली.

फिल्टरपेपर
बरीच वर्षं एका लॅबमध्ये सॅम्पलिंगला जायचो, आता त्या लाइनमध्ये नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहितो. पहिली गोष्ट, आकडा खोटा असेलच असं धरून चालू नका. बहुतेक वेळा आकडा खराच असतो, फक्त तो जिथे आणि जेव्हा घेतलाय तिथे आणि तेव्हापुरता खरा. खरी गंमत त्यातच आहे.

त्या मशीनमध्ये काय होतं ते सांगतो. आत एक ब्लोअर असतो, वर साधारण ए फोर कागदाएवढा पांढरा ग्लास फायबरचा फिल्टर पेपर लावतात. मिनिटाला एक-सव्वा घनमीटर हवा ओढली जाते, जाड धूळ आधीच वेगळी पडते आणि बारीक धूळ पेपरवर बसते. पेपर लॅबमध्ये ओलावा काढून आधी वजन करतात, आणल्यावर परत करतात, फरक म्हणजे धूळ. तुमच्या रिपोर्टसाठी हिशोब करून बघा. मिनिटाला १.१ घनमीटर धरलं तर २४ तासात १५८४ घनमीटर हवा. त्यात दर घनमीटरला ६८ मायक्रोग्रॅम म्हणजे पेपरांवर मिळून साधारण ०.१०८ ग्रॅम धूळ. चिमूटभर पण नाही. हे सगळं इतक्या छोट्या वजनावर चालतं, म्हणून पेपर नंबर, आधीचं वजन, नंतरचं वजन, फ्लोचं रीडिंग, सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ हे लिहिलेली फील्ड शीट असते. रिपोर्टला ती सहसा जोडत नाहीत. तुम्ही मागायची ती शीट, सुंदर रंगीत तक्ता नाही.

आता तुमच्याच पीडीएफमध्ये पुढच्या गोष्टी शोधा. सॅम्पलिंगची तारीख कोणती? एप्रिल-सप्टेंबरच्या रिपोर्टात जुलै-ऑगस्टची तारीख टाकली की काम झालं, पावसात पुण्याची हवा धुतलेलीच असते. किती तास? १०० ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. रात्री मशीनजवळ कोण थांबणार, लाइट कोण देणार म्हणून आठ तासांत गुंडाळतात आणि तुलना मात्र २४ तासांच्या मर्यादेशी. आणि जागा. तुम्ही म्हणता साइट तुमच्या पश्चिमेला. गेट आणि केबिन कुठल्या बाजूला आहे? जर तेही साइटच्या पश्चिम टोकाला असेल तर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे मशीनने साइटवर यायच्या आधीची स्वच्छ हवा मोजली आणि धूळ गेली तुमच्याकडे. मशीनचा तोंडाकडचा भाग जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर पाहिजे आणि चारपैकी किमान तीन बाजूंनी हवा मोकळी पाहिजे असं मार्गदर्शनात आहे. केबिनच्या भिंतीला चिकटून जमिनीवर ठेवलेलं मशीन फोटोत दिसतंय ना, तो फोटो त्यांनी पुरावा म्हणून लावलाय पण तो तुमचा पुरावा आहे.

अर्जवाला_दादा
फिल्टरपेपर भाऊंनी मोजमापाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की आधी पर्यावरण मंजुरी लागते, आणि दीड लाखाच्या वर गेलं की टाउनशिपच्या वर्गात जातं. आपल्याकडे ती राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडून येते, लोक त्याला 'सिया' म्हणतात. बिल्डिंग प्रोजेक्टला जनसुनावणी नसते, म्हणून शेजाऱ्याला पोकलेन दारात येईपर्यंत काही कळत नाही. पण मंजुरी मिळाल्यावर बिल्डरला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावाच लागतो, आणि त्याच अधिसूचनेच्या दहाव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की हे अहवाल सार्वजनिक कागद आहेत, कोणीही अर्ज केला तर प्रत द्यायची. म्हणजे तुमच्या मेंबरने 'मिळवला' असं चोरून आणल्यासारखं बोलायची काही गरज नाही, तो तुमचा हक्कच आहे.

आता मूळ मंजुरीपत्र काढा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर प्रोजेक्टच्या नावाने किंवा प्रपोजल नंबरने शोधलं की पीडीएफ येते. त्यात टॉवर किती, मजले किती, एकूण बांधकाम किती, झाडं किती काढायची, किती मुरूम निघणार आणि तो कुठे टाकणार, पाणी कुठून आणणार, सगळं असतं. ते पत्र एका हातात आणि सहामाही अहवाल दुसऱ्या हातात धरून बसा. मी एका ठिकाणी असं बसलो होतो तेव्हा मंजुरीत खोदाईतली वरची सुपीक माती बागेसाठी साठवून ठेवायची अट होती, अहवालात त्यापुढे 'अ‍ॅग्रीड टु कम्प्लाय'. तोवर माती डंपरमधून जाऊन महिने झाले होते. भविष्यकाळात लिहिलेली पूर्तता हा या अहवालांचा आवडता प्रकार आहे. 'नोटेड' म्हणजे तर काय, वाचलं एवढंच. त्याला पूर्तता म्हणत नाहीत.

तक्रार कुठे? तीन ठिकाणी एकाच पत्राच्या प्रती. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं आपल्यासाठीचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे, तिकडे. सियाला मुंबईत. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे, हा सगळ्यात कामाचा, कारण तो प्रत्यक्ष येऊ शकतो आणि मंडळ बिल्डरला देतं त्या संमतीपत्रात बऱ्याचदा बँक गॅरंटीची अट असते. अटी मोडल्याचा त्याचा व्हिजिट रिपोर्ट झाला की ती जप्त होऊ शकते. 'धुळीने हैराण झालो' असं लिहू नका. 'मंजुरीपत्रातली अट क्रमांक अमुक, अहवालात उत्तर तमुक, प्रत्यक्षात ही स्थिती, फोटो तारखेसह' असं लिहा. हैराण झालेल्यांची पत्रं फाइलला लागतात, अट क्रमांकाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, १० रुपये, ३० दिवस. फील्ड शीट पण त्यातूनच मागा.

घाट_उतार
काही होत नाही हो. आमच्याकडे पण असंच सगळं केलं, साहेब आले, चहा प्यायले, गेले. दोन दिवस पाणी मारलं आणि परत तेच. इमारत उभी राहीपर्यंत एसी लावून बसा.

साइटवरचा
मी दुसऱ्या बाजूचा, एका साइटवर इंजिनिअर आहे (तुमच्या शेजारची नाही, हात जोडून सांगतो). थोडं आमचं पण ऐका.

धूळ कमी करता येते, आणि कशाने होते हे साइटवर सगळ्यांना माहीत असतं. ब्रेकर जिथे आपटतो तिथेच पाण्याचा पाइप धरायचा, मग निम्मी धूळ उठतच नाही. डंपर बाहेर पडताना चाकं धुवायची, नाहीतर रस्त्यावर चिखल जातो, वाळतो आणि दिवसभर गाड्या तो उडवत राहतात, लोकांना वाटतं साइटमधून येतेय पण ती रस्त्यावरची असते. डंपरवर ताडपत्री. ग्रॅनाइट-टाइल कटिंग उघड्यावर नाही. हे काही रॉकेट सायन्स नाही, पण टँकरला पैसे लागतात आणि खोदाईचा कॉन्ट्रॅक्टर वेगळा असतो, त्याचं बिल घनमीटरवर. त्याला पाइप धरायला एक माणूस द्यायचा म्हणजे त्याच्या खिशातून. म्हणून अर्ज करायच्या आधी प्रोजेक्ट हेडला भेटा आणि नेमकं मागा, की ब्रेकरवर पाणी आणि गेटवर व्हील वॉश. 'धूळ कमी करा' म्हणालात तर तो मान हलवेल आणि विसरेल.

आवाजाचं सांगायचं तर रात्रीच्या स्लॅबवरून आम्हाला खूप शिव्या बसतात. दिवसा जड गाड्यांना बंदी असते, आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर वेळेवर पोचत नाहीत, आणि स्लॅब अर्धा ओतून थांबवला तर जुना-नवा काँक्रीट नीट चिकटत नाही, तिथून पुढे गळती. म्हणून सुरू केला की संपवावाच लागतो. पण हे कारण स्लॅबपुरतं! रात्री अकराला ब्रेकर चालवणारा जर म्हणाला की टेक्निकल कारण आहे तर ते खोटं, खडक कुठे पळून जात नाही.

आणि ते ५३ डेसिबल. मीटर जेवणाच्या सुट्टीत धरला असेल. दुपारी एक ते दोन साइट एकदम शांत असते, त्यात ५३ येऊ शकतं. रीडिंगची वेळ बघा.

बाल्कनी_बंद
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, घाट_उतार तुमचे पण 😀

काल रात्री बसून बघितलं. सॅम्पलिंगची तारीख जुलैचा तिसरा आठवडा, त्या आठवड्यात आमच्याकडे धो धो चालू होता. तास लिहिलेलेच नाहीत, नुसतं 'अ‍ॅम्बियंट एअर' आणि आकडा. गेट पश्चिमेच्या रस्त्याला, म्हणजे फिल्टरपेपर यांनी म्हटलं अगदी तसंच. आणि सगळ्यात भारी म्हणजे मेंबरने त्याच्या आधीच्या सहामाहीचा पण अहवाल काढला, ऑक्टोबर ते मार्चचा. आवाजाचा तक्ता दोन्हीकडे जसाच्या तसा! चारही पॉइंटचे आकडे तेच, दशांशासकट. पहिल्या अहवालाच्या वेळी तर तिथे नुसते पत्रे लागलेले, एक पोकलेन सुद्धा नव्हतं.

अजून एक, हे लिहायचं राहिलं होतं. आमच्या बोअरचं पाणी यंदा दिवाळीतच खाली गेलं, एरवी मार्चपर्यंत काही अडचण नसते. साइटवर दिवसरात्र पंप चालू आहे, पाणी थेट पावसाळी गटारात सोडतात. याचा आणि बोअरचा संबंध असेल का, की उगाच सगळं त्यांच्यावर ढकलतोय?

कातळपाणी
बोअरबद्दल लिहितो, भूजलाशी कामाचा संबंध आहे म्हणून.

उगाच नाही ढकलत. पुण्याखाली बेसॉल्ट आहे, त्यात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. वरचा मुरमाड झिजलेला थर आणि खालच्या खडकातल्या भेगा, दोन लाव्हाथरांच्या मधली फट, एवढ्यातच काय ते पाणी. दोन लेव्हलचं बेसमेंट म्हणजे आठ-नऊ मीटर तरी खोल जाणार, म्हणजे नेमका हा वरचा पाणी धरणारा थर कापला जातो आणि आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्याकडे वाहायला लागतं. पंप बंद केला तर खड्डा भरतो म्हणून पंप अखंड. शेजारच्या उथळ बोअरला आणि विहिरीला फटका बसू शकतो. तुमचा बोअर खूप खोल असेल आणि वरचा भाग केसिंगने (बोअरला आतून बसवलेल्या पाइपने) बंद असेल तर कमी बसेल.

पण 'शकतो' आणि 'बसला' यात फरक आहे, तो तुम्हाला मोजूनच दाखवावा लागेल. आजपासून सुरू करा. बोअरमध्ये पंपाच्या पाइपशेजारून टेप सोडता येत असेल तर टेपला वजन बांधून, नाहीतर प्लंबरला सांगून, आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सकाळी, आपला पंप किमान काही तास बंद असताना, पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. शेजारच्या दोन सोसायट्यांना पण करायला लावा, एक साइटच्या जवळची आणि एक लांबची. जवळच्यात पातळी जास्त घसरली आणि लांबच्यात नेहमीसारखी राहिली तर मग बोलायला जागा आहे. सगळीकडे सारखीच घसरली तर कारण यंदाचा पाऊस, तुमचेच टँकरवाले आणि बाकीचे बोअर.

बेसमेंटमधून भूजल उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमात परवानगीची तरतूद आहे. मंजुरीपत्रात उपशाबद्दल अट आहे का आणि असेल तर अहवालात त्यापुढे काय लिहिलंय ते बघा. आणि ते पाणी गटारात जातंय याचा मला जास्त राग येतो, कारण त्याच साइटवर धूळ मारायला टँकर विकत आणत असतील. गाळ बसवून तेच पाणी ब्रेकरवर मारता येतं, वर व्हील वॉशला पण.

साइटवरचा
कातळपाणी यांचं बरोबर आहे, आम्ही आमच्या साइटवर तेच करतो, एक सिमेंटची टाकी बांधली गाळासाठी आणि पुढे पंप. टँकर निम्म्यावर आले. बाल्कनी_बंद, भेटायला जाल तेव्हा हा मुद्दा पहिला काढा, यात त्याचे पैसे वाचतात म्हणून तो ऐकेल.

आणि दोन्ही अहवालांत तोच आवाजाचा तक्ता असेल तर मी माझ्या बाजूचं काही बोलू शकत नाही. ते कन्सल्टंटचं कॉपी-पेस्ट आहे.

बोरिवलीचा_बाब्या
मुंबईतून. आमच्याकडे २०२३ च्या ऑक्टोबरात हवा फारच बिघडली तेव्हा पालिकेने २५ तारखेला नियमावली काढली, आणि त्याच सुमारास हायकोर्टाने पण स्वतःहून दखल घेतली. एक एकरापेक्षा मोठ्या साइटला किंवा ७० मीटरपेक्षा उंच इमारतीला भोवताली ३५ फूट उंच पत्रे, छोट्या साइटला २५ फूट, इमारतीला ओलं हिरवं कापड किंवा ज्यूट, गेटवर चाकं धुवायची सोय, सीसीटीव्ही, आणि साइटवरच सेन्सर लावून हवा मोजायची. सुरुवातीला सगळ्यांनी पत्रे लावले आणि बाकी विसरले. मग ३० डिसेंबर २०२४ ला पालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या दोन भागातली सगळी बांधकामं थांबवायचं जाहीर केलं तेव्हा कुठे पाण्याचे फवारे दिसायला लागले. म्हणजे 'काही होत नाही' हे पूर्ण खरं नाही, काम थांबायची भीती असली की होतं.

पुण्याला मुंबईचे नियम लागत नाहीत हे माहितीये. पण केंद्राची जानेवारी २०१८ ची धुळीबद्दलची अधिसूचना आहे, ती ज्या शहरांत धूळ मर्यादेच्या वर आहे तिथे लागू होते. त्यात इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर उंच आडोसा पाहिजे, साइटकडे जाणारा रस्ता पक्का पाहिजे, माती-वाळू-राडारोडा उघडा ठेवायचा नाही, दगड-टाइल उघड्यावर कापायचे नाहीत. आणि एक मस्त कलम म्हणजे धूळ रोखायला काय उपाय केलेत ते साइटच्या बाहेर लोकांना दिसेल असं बोर्डावर लावायचं. तुमच्या साइटबाहेर असा बोर्ड आहे का? फ्लॅटच्या भावाचा बोर्ड तर असेलच. नसेल तर गेटचा फोटो काढा, हा मुद्दा सिद्ध करायला कुठलंच मशीन लागत नाही.

लाल_दिवा_सेन्सर
मशीन घ्यावं का याचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून. घ्या, पण काय मिळणार ते समजून घ्या.

ऑनलाइन जे तीन-चार हजारापासून मिळतात त्यात छोटा लेसर असतो, धुळीच्या कणावरून उजेड विखुरतो त्यावरून तो अंदाज करतो. पीएम २.५ (पीएम १० पेक्षाही बारीक धूळ) बऱ्यापैकी दाखवतात. पण बांधकामाची धूळ मुख्यतः जाड, आणि यातल्या बहुतेकांचा पीएम १० चा आकडा खरं म्हणजे बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे ब्रेकर चालू असताना ग्रिलवर थर बसतोय आणि सेन्सर म्हणतोय सगळं ठीक, असं होऊ शकतं, मग बिल्डरचा माणूस तोच स्क्रीनशॉट तुमच्या तोंडावर मारेल. उलट दमट हवेत किंवा धुक्यात हा सेन्सर उगाच जास्त दाखवतो. कायद्याने तर त्याला काही किंमत नाही. उपयोग एवढाच की दिवसातल्या वेळांचा नमुना दिसतो, कधी वाढतं, रविवारी काम बंद असताना किती, सोमवारी किती. तो आलेख सॅम्पलिंग कधी घ्यायला पाहिजे हे सांगायला चांगला.

त्यापेक्षा फुकटातलं एक काम करा. अहवालातली जी तारीख आहे त्या तारखेचे जवळच्या सरकारी स्टेशनचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर मिळतात. पण मोबाइल ॲपवर दिसतो तो एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक), मायक्रोग्रॅम नाही. पीएम १० ला शंभरपर्यंत दोन्ही सारखेच पडतात, पुढे वेगळे होतात, पीएम १० जेव्हा २५० असतं तेव्हा एक्यूआय २०० दाखवतो. तर तुलना करताना मायक्रोग्रॅमचाच तक्ता उतरवा. हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी अख्ख्या भागात पीएम १० दीडशे आणि खोदाईच्या गेटवर ६० असेल तर ते विचारण्यासारखं आहेच ना.

अर्जवाला_दादा
बाल्कनी_बंद, दोन सहामाहींचा आवाजाचा तक्ता दशांशासकट सारखा, एवढ्या एका गोष्टीवर पत्र लिहा. बाकी सगळं नंतर. दोन्ही पानं शेजारी शेजारी स्कॅन करा, लॅबच्या रिपोर्टचा नंबर आणि तारीख दोन्हींवर गोल करा. लॅब मान्यताप्राप्त असेल तर तिला रिपोर्ट नंबरप्रमाणे रेकॉर्ड ठेवावं लागतं, म्हणजे एकतर लॅबने दोनदा तेच लिहिलं किंवा कोणीतरी तिचं पान परत चिकटवलं. कुठलंही असलं तरी उत्तर द्यायची पाळी त्यांची.

हरित लवादाचा (पर्यावरणाचे खटले चालतात तिथला) विचार आत्ताच करू नका, पुण्यातच पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे ते ठीक, पण तिथे सहा महिन्यांची मुदत पहिल्यांदा कारण घडल्यापासून मोजतात, म्हणून पत्रांच्या पोच आणि तारखा नीट ठेवा. वकील विचारेल तेव्हा हेच लागतं.

फिल्टरपेपर
एक भर. मंडळाचा अधिकारी आला तर त्याच्याकडे नवीन सॅम्पलिंग मागा आणि त्यात तीन गोष्टी लेखी मागा. काम चालू असलेल्या दिवशी, सलग २४ तास, आणि एक मशीन वारा येतो त्या बाजूला तर दुसरं वारा जातो त्या बाजूला, म्हणजे तुमच्या कंपाउंडजवळ. दोन मशीनमधला फरक हीच साइटची धूळ. एकच मशीन लावलं तर बिल्डर म्हणणार की ही पुण्याचीच हवा आहे, आम्ही काय करू, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. तुमच्या गच्चीवर जागा आणि रात्रभर लाइट द्यायची तयारी आहे असं पत्रातच लिहून टाका, लॅबवाल्यांची नेहमीची सबब तिथेच संपते. मशीन गच्चीवर चढवायला दोन माणसं लागतील, जड असतं.

बाल्कनी_बंद
लाइट, गच्ची, दोन माणसं, सगळं देतो. अट क्रमांक टाकून पत्र तयार करतोय, आवाजाच्या दोन पानांवरच. कमिटीतले दोघं म्हणतायत की आधी प्रोजेक्ट हेडला भेटू, ब्रेकरवर पाणी आणि गटारातल्या पाण्याचा विषय काढू, म्हणून शनिवारी जातोय, पत्र मात्र त्याआधीच स्पीड पोस्टाने टाकणार. गेटवर बोर्ड बघून आलो, थ्री बीएचकेचा भाव आहे, धुळीचा बोर्ड नाही. फोटो काढला तर वॉचमन म्हणाला फ्लॅट बघायचा असेल तर ऑफिस आत आहे.

बोअरची टेप अजून कोणी सोडली नाहीये. प्लंबर म्हणतो पाइपमध्ये अडकेल, कोणाला अनुभव आहे का?

कातळपाणी
अडकते कधीकधी, केबलच्या गाठीत. वजन गोल आणि गुळगुळीत घ्या, नट-बोल्ट बांधू नका. आणि पुढे त्रास नको असेल तर पंप वर काढायची वेळ येईल तेव्हा पाइपला लागून अर्धा-पाऊण इंची पीव्हीसीची नळी खाली सोडून ठेवा, मग टेप त्या नळीतून जाते.